एकोणिसावा प्रश्न

नोव्हेंबरातली चाचणी ग्रंथालयात होते,
कारण व्यायामशाळेत व्हॉलीबॉल, आणि जेवणघरात
सकाळपासून उकडलेल्या मक्याचा वास.
माझी दुसरीची सत्तावीस मुलं.
टोक केलेल्या पेन्सिली मी घरून आणते.
शाळेच्या मोडतात, आणि मोडलेल्या पेन्सिलीला
वेळ वाढवून मिळत नाही.

शब्द नाहीत, नुसत्या आकृत्या.
म्हणजे म्हणे स्पॅनिशवाल्याला, कारेनवाल्याला
सगळ्यांना सारखीच.

पॉ वा तिसऱ्या टेबलाशी. पाय जमिनीला पोचत नव्हते.
तिची आई रात्रपाळीत टर्कीचे पंख छाटते,
बाप दिवसपाळीत. दोघांची भेट
कारखान्याच्या पार्किंगमध्ये,
गाडीची किल्ली या हातातून त्या हातात,
मध्ये दक्षिण डकोटाचा वारा.

एकोणिसाव्या प्रश्नाशी ती थांबली.
बाकीची पानं उलटत होती, हिने एकच धरून ठेवलं.
वेळ संपली तेव्हा पुढचे अकरा कोरे,
आणि एकोणिसाव्यात दोन गोल काळे.

‘दोन चालत नाहीत, बाळा.’
‘पण दोन आहेत,’ ती म्हणाली.
‘हे वळवलं की बसतं.
ते आरशात बघितलं की.’

यंत्र दोन गोलांना शून्य देतं.
पर्सेंटाइल एकाहत्तर. रेघ सत्त्याण्णववर.
रेघेच्या वर शाळेतली नऊ नावं.
दंतवैद्यांचा थॅडियस आधी चौऱ्याण्णव होता,
आईने शंभर मैलांवरून मानसतज्ज्ञाचा नवा कागद आणला.
कागद खरा होता. मुलगाही हुशारच, मी नाही म्हणत नाही.

नऊ जणांना काय मिळतं तेही सांगते:
मंगळवारी चाळीस मिनिटं,
तीन शाळांत मिळून एकट्या असलेल्या ट्वेटबाई,
आणि जिन्याखालची खोली, जिथे पूर्वी खुर्च्या रचत.
गेल्या मंगळवारी बर्फामुळे तेही नाही.

घरी नेऊ नये, असं ठळक छापलेलं पान
मी घरी नेलं.
भांडी तशीच ठेवून वळवून बघितलं. बसतं.
मग न्हाणीघरात जाऊन आरशासमोर धरलं,
सत्तावन्न वर्षांची बाई, झग्यात, चष्मा कपाळावर.
बसतं.

बावीस वर्षं ही चाळणी हलवते आहे.
वर राहिलं ते मोजायचं,
खाली सांडलं ते झाडून घ्यायचं.
वाकून कधी बघितलं नव्हतं.

शिक्षकांच्या निरीक्षणाला फॉर्मवर तीन ओळी.
मी तिन्ही भरल्या, समासात शिरले, पाठीमागे गेले.
कार्यालयाचं उत्तर शुक्रवारी आलं:
नोंद घेतली. पुढची चाचणी चौथीत.

आता मंगळवारी मी पॉ वाकडे
हजेरीची चिठ्ठी देऊन तिला जिन्याखाली पाठवते.
चिठ्ठी पोचवून परत यायला
तिला चाळीस मिनिटं लागतात.
अजून कोणी विचारलेलं नाही.

काल ट्वेटबाईंची उलट चिठ्ठी आली,
पॉ वाच्याच हाती, घडी न घालता:
पुढच्या वेळी जाड पुठ्ठा लागेल.
दहा तुकडे.