पुलावर बर्फ टाकल्याबद्दल

गावाच्या खर्चवहीत, सन अठराशे सत्तावन्न:
खिळे, दिव्याचं तेल, एका बेवारशाची शवपेटी,
आणि त्याखाली
"ओरिन थ्रॉल यास, पुलावर बर्फ टाकल्याबद्दल,
एक डॉलर सत्तर सेंट."

मला वाटलं, कारकुनाची चूक.
टाकल्याबद्दल कसं, काढल्याबद्दल असणार.
(मीही या गावची कारकूनच; चुका ओळखते.)
पण पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्याही.
शाई बदलली, अक्षर बदललं,
ओरिनचा दर वीस सेंटांनी वाढला.

मग उलगडलं.
छप्पर पुलाचं होतं, माणसांचं नव्हतं.
तुळया भिजल्या की कुजतात.
"तुम्ही टोपी कशाला घालता?"
एवढंच विचारून असाहेल पिकेट सुतार
भर सभेत खाली बसला होता.
रुंदी ठरली बिंगमच्या गाडीवरून,
गवताने शिगोशीग भरलेल्या.
ती गेली की सगळं जग जाईल.

व्हरमाँटचा हिवाळा. रस्ता पांढरा, घसरगाड्या सुसाट,
आणि पुलाच्या तोंडाशी कोरड्या ठाक फळ्या.
लोखंडी धावा करकरत रुतायच्या,
घोडे फेसाळून उभे.
म्हणून ओरिन.
छपराने जे बाहेर अडवलं
ते पहाटे फावड्याने आत आणायचा
आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत
सारवून काढायचा.

अडुसष्ट साली नाव बदलतं.
"विधवा थ्रॉल हीस, तेच काम, सव्वा डॉलर."
तेच काम, असं लिहिलंय स्वच्छ.
तिचं नाव वहीत नाही.
ते पुलात आहे, उत्तरेच्या भिंतीवर,
घोड्यांच्या मलमाच्या जाहिरातीखाली, खिळ्याने कोरलेलं:
फिलुरा.
पुढे रेघा. प्रत्येक बर्फाला एक.
मोजायला बसले, दिवस मावळला.

घर फिरलं की वासे फिरतात, म्हणतात.
नोव्हेंबरातल्या त्या पुरात
पूल उचलला गेला, पाण्यावर गर्रकन फिरला,
पाऊण मैलावर बिंगमच्या कुरणात जाऊन बसला,
आणि एक वासा जागचा हलला नव्हता.
ओकच्या खुंट्या तशाच ठोकलेल्या.
आत एक कोंबडी होती म्हणे, जिवंत,
कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.
बावीस बैलांनी त्याला परत ओढत आणला.

आता वरच्या अंगाला काँक्रीटचा आहे.
आमचा फोटोंपुरता.
बर्फ हटवायला यंत्र येतं, आत आणायला कुणी नाही.

या मार्चच्या ग्रामसभेत मी विषय मांडला:
अकरा हिवाळे, दरसाल पासष्ट सेंट कमी,
एकूण बाकी सात डॉलर पंधरा.
लोक हसले. मग कुणीतरी अनुमोदन दिलं.
मग कुणीतरी विचारलं, द्यायचे कुणाला?
विषय पुढच्या मार्चवर गेला.

परतताना पुलात थांबले.
बाहेर भुरभुरत होतं, आत कोरडं, मलमाची जाहिरात पुसट.
बुटांना चिकटला होता तेवढा बर्फ
फळ्यांवर झटकला.
पंधरा सेंटांचं काम झालं असेल.