शेवटची ई

बोटाच्या दोन पेरांएवढा.
पाठीच्या परात नऊ काटे, अकरा मऊ शलाका,
कुशीच्या रेषेवर खवले सत्तावीस –
तीनदा मोजले मी भिंगाखाली,
सुईत दोरा ओवताना धरतात
तसा श्वास धरून.

रंग मोजता आला नाही.
बाटलीत उतरेपर्यंत तो गेला होता.
सोबतच्या चिठ्ठीत होतं: जिवंतपणी केशरी,
शेपटीच्या बुडाशी निळा ठिपका.
मेल्यावर, साबण.

रापा बेट.
इतकं दक्षिणेला, की नारळ नीट धरत नाही;
पाणी प्रवाळाला जेमतेम सोसेल एवढंच कोमट.
दोन महिन्यांनी एक जहाज – पीठ, डिझेल, टपाल.
त्याच जहाजानं ही बाटली निघाली होती.
लेबलावर, गोळा करणाऱ्याचं नाव: टी. नातिकी.

गोळा करणाऱ्याचं. असंच वाचलं मी.

शास्त्रातलं नाव शाळेच्या हजेरीपटासारखं:
आडनाव आधी, मग स्वतःचं.
आडनाव कुळातलं, जुनं, ते होतंच.
स्वतःचं मी दिलं, आभार म्हणून – नातिकीई.
लॅटिनात पुरुषाच्या नावाला शेवटी ई, बाईच्या नावाला ए.
एका अक्षराचं धोतर, एका अक्षराचं लुगडं.

बारसं तरी कसं करणार?
आत्यानं कुर्र करावं, तर कान दिसत नाही,
आणि कानाच्या आतला खडा मीच काढून
त्यावरची वर्षं मोजलेली. तीन.
पाठीत गुद्दे तेवढे मिळाले, दोन परीक्षकांचे.
मग छापून आलं.
छापलेलं सहजी हलत नाही.

वर्षानं गेले, त्याच जहाजानं.
धक्क्यावर एक बाई, साठीची, अनवाणी,
पोटऱ्यांवर अळूच्या वाफ्यातला चिखल.
म्हणाली, मी टी. नातिकी.
तिताउआ.

मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये माफी मागत राहिले.
ती दगडावर अळकुड्या कुटत राहिली,
आंबवलेला गोळा पानात बांधला,
हात धुतले, पुन्हा धुतले,
मग होडीकडे हनुवटी केली.

खाडीच्या अर्ध्या भागावर गावाची बंदी आहे.
तिथं गळ टाकायचा नाही, जाळं नाही;
म्हातारे सांगतील त्या दिवशीच.
बघायला बंदी नाही.
तिनं काचेच्या बुडाची पेटी पाण्यावर धरली
आणि माझं डोकं तिच्यात दाबलं.

सात मातकट. एक केशरी.

“त्या बायका. हा त्यांचा दादला.
याच्या आधीचा तू बाटलीत ठेवलायस.
तो गेला, तशी त्यांच्यातली सगळ्यांत थोरली
तीन दिवस नुसती फणफणत फिरली,
दहाव्या दिवशी केशरी.
तीच हा.
माझी नणंदही नवरा गेल्यावर
होडी हाकायला लागली, तेव्हा अशीच.”
मग वल्हं मारता मारता, माझ्याकडे न बघता:
“तुझं चुकलं नाही गं.
तू फक्त उशिरा पोचलीस.”

मी विचारलं, तुम्ही काय म्हणता याला?
“एवढ्याशाला कोण नाव ठेवतं?
गळाला लावायलासुद्धा पुरत नाही.”
पण धक्का जवळ आल्यावर म्हणाली,
मी एक म्हणते. ते पाण्यातच म्हणायचं.
वाकली, तोंड बुडवलं, म्हणाली.
बुडबुडे आले.
मला काही कळलं नाही.

माझ्या भाषेत तो मासा, ती मासोळी, ते पिल्लू.
तिन्ही तयार ठेवून बसले होते परतीच्या जहाजात.

बाटली फडताळात आहे, लाल चिठ्ठीची.
नाव आहे तसंच आहे.
मी माझ्या वहीत तेवढं एक खोडलं –
गोळा करणारा –
आणि पुढं लिहिलं, करणारी.
रबरानं कागद जरा फाटला तिथं.