दोन क्रेडिट

शनिवारी, जेवणानंतरचा तास नीतिशास्त्राचा.
वेळापत्रकात तो असा बसवलाय
जशी लग्नाच्या बसमध्ये उशिरा पोचलेली मावशी:
दाराशी, कुणाच्या तरी ट्रंकेला टेकून.

इंदूरबाहेर, राऊच्या अलीकडे, काचेची इमारत, चौथा मजला.
खाली म्हणे लसणाची शेतं होती.
पार्किंगमध्ये अजून कधी कधी वास येतो,
किंवा मला तसं वाटतं.

पिशवीतून मी लौंग शेवेचं पाकीट काढते.
किंमत दहा. गेल्या वर्षीही दहाच.
"काय बदललंय?"
कुणी म्हणतं रंग, कुणी म्हणतं वरची हिरोईन.
मागून एक जण: "मॅडम, पेपरात येणार का हे?"

मग काटा काढते, स्वयंपाकघरातला,
केक शिकायचा म्हणून घेतलेला. केक एकदाच झाला.
आत बेचाळीस ग्रॅम.
जुनं पाकीट विजेच्या बिलांत जपून ठेवलंय, त्यावर पन्नास.
"आठ ग्रॅम गेले कुठे?"

रौनक छाजेड उठतो, शर्ट नीट करत.
तो हिंदीत बोलतो, मी मराठीत ऐकते:
"मॅडम, हे आमचंच आहे.
बेचाळीस छापलंय की. वाचा. खोटं कुठंय?"
छापलंय खरंच,
शिवणीच्या दुमडीत, मुंगीनं चालत जावं इतकं बारीक.
"बेसन वाढलं, तेल वाढलं,
दहाची नोट तेवढीच राहिली.
पॅकिंगला सत्तर बायका आहेत. कुणाला काढू?"
फळ्यावर माझा 'भागधारक' हा शब्द,
त्याखाली मी लिहिते: कुणाला काढू?
खडू मोडतो.

शिफा मन्सूरी कधी बोलत नाही. आज बोलते,
वहीकडे बघत:
"अब्बू छावनीत काटे दुरुस्त करतात.
लोक म्हणतात, जरा सेट करून द्या.
ते नाही म्हणतात.
मग माझी फी दोन हप्त्यांऐवजी पाचांत जाते.
इतकंच."
आणि बसते.
रौनक तिच्याकडे बघतो, मग पाकिटाकडे.
ते आता कुणालाच उघडायचं नसतं.

तेवढ्यात कुणीतरी,
कोण ते मला अजून कळलेलं नाही,
अगदी साधेपणानं विचारतं:
"आणि मॅडम, तुम्ही?"

दर महिन्याच्या सात तारखेला
मी अठ्ठावन्न हजारांवर सही करते.
खात्यात तेवढेच येतात.
आठ तारखेला त्यांतले चोवीस काढून
हिशेबखात्यातल्या टेबलावर परत ठेवते.
पाठकबाबू मोजत नाहीत, विश्वास आहे त्यांचा.
तेही एक पाकीटच.
त्यावर मात्र काहीच छापलेलं नसतं,
बारीक अक्षरातसुद्धा.

घंटेला नऊ मिनिटं.
पुस्तकात या जागी एक चौकट आहे,
कोपऱ्यात बल्बचं चित्र, आत लिहिलंय: विचार करा.

काटा मी शून्यावर आणते. तो राहत नाही,
रिकामा असूनही एक, दोन, पुन्हा शून्य.
"पंख्याचा वारा लागतोय," शिफा म्हणते,
आणि उठून पंखा बंद करते.
बाप शिकवतो तसं.

आता आकडा हलत नाही.
चाळीस जण घामात, माझ्याकडे बघत.

"सांगते," मी म्हणते,
"पण हे लिहून घेऊ नका."

थांबते.

"नाही. घ्या लिहून."