डेड मनी

टोलेडो. ऑगस्टचा शेवटचा मंगळवार.
चारच्या आत त्रेपन्न नावं ठेवायची,
बाकीची पुसायची.

पडद्यावर ओडेल प्रुइट म्हणजे
चौऱ्याण्णव लाख डॉलर, डावा गार्ड, वय बत्तीस,
गुडघ्याची दोन ऑपरेशनं.
काढला तर साठ लाख सुटतात.
चौतीस तो गेल्यावरही आमच्याच नावे.
याला आम्ही डेड मनी म्हणतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य.
पण सराव शिबिरात ओडेलचे पाय
पलंगाबाहेर वीतभर असायचेच.
सामान सांभाळणारा स्टॅन वोयचिक
दरवर्षी पायथ्याशी दुधाचा क्रेट ठेवायचा,
वर एक उशी.

दोन वर्षांपूर्वी मीच गेले होते कागद घेऊन:
यंदाच्या पगाराचा बोनस करू,
पुढच्या वर्षांवर ढकलू,
त्या नव्या पोराला जागा हवीय.
त्यानं वाचलंही नाही.
"पळतो चांगला," म्हणाला,
सही केली,
आणि टोपण लावून पेन परत दिलं.

ती पुढची वर्षं आता आली आहेत.

तीन चाळीस. कोचचा फोन:
"तुझं गणित काय म्हणतं?"
गणित कुठे काय म्हणतं.
मी म्हणाले.

डिसेंबरात सरोवर गोठलं.
लॉकरवरची पट्टी निघाली, गोंद राहिला.
तो सेल्माला शाळेतल्या पोरांना शिकवतो म्हणे.
सोमवारी ताळा जुळवताना
त्याच्या ओळीपाशी येते मी.
मेलेले म्हणतात हे पैसे,
आणि बसलेत जागा अडवून,
पाय बाहेर काढून.