शंखकरी

रुवीत, लाँड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर
पाच खाटांच्या खोलीत आम्ही गुरुवारी रात्री खेळतो.
इस्त्रीचं टेबल हा नकाशा. हरभरे हे राक्षस.
वीस पैलूंचा फासा एकच, तो रेडकरांचा,
मत्रहच्या बंदरात कुणा खलाशाकडून चहाच्या बदल्यात घेतलेला.

मुअज्जम पावसकर म्हणाला, मला पऱ्यांचे कान नकोत,
आणि बुटक्यांची दाढी आमच्या घरात चौघांना आहे.
जनावर दे. वाघ नको, लांडगा नको.
ज्याला कुणीच भीत नाही असं दे.

मग मी ही जमात लिहिली,
सिमेंटच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावरून पुढे.

शंखकरी.
उंची माणसाच्या कमरेइतकी. डोळे देठांवर.
पुढून नांग्या, कवच, सगळा थाट.
मागून उघडे, सायीसारखे मऊ,
पाठीवर वार बसला तर नुकसान दुप्पट.
चिलखत उसनं. कुणीतरी मरून सोडलेला शंख,
त्याला भाडं नाही, आणि कागदही नाही.
ताकद दोनने कमी. चिकाटी तीनने जास्त.
भाषा टकटकीची:
आईशी एक, मुकादमाशी दुसरी.
वाढतात, हीच अडचण.
दर पायरीला अंग मोठं होतं,
घर तेवढंच.

रेडकर क्रेनवरून आलेले, पाय बादलीत बुडवून बसलेले.
हसले. खेकडेच सापडले का तुला?
मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही.
एक वर चढला की खालचे तंगडी धरतात.
जोबीला हे हिंदीत सांगावं लागलं.
तो म्हणाला, ही टोपली तर आमची, कोट्टयमची.
रोडेल म्हणाला, चूक, मनिलाची.
त्या रात्री राक्षस राहिले बाजूला,
टोपली कुणाची यावर दोन वाजले.

शुक्रवारी पहाटे कुरमच्या किनाऱ्यावर
ओहोटीला मी जे पाहिलं, त्यानं नियम बदलावा लागला.
एक मोठा शंख रिकामा पडला होता, भोवती सातआठ जण.
तंगडीला तंगडी धरलेलीच होती, खोटं कशाला सांगू.
पण उंचीप्रमाणे,
शाळेत प्रार्थनेला उभं करायचे तशी रांग.
सगळ्यात मोठा निघाला, नव्या घरात शिरला.
त्याच्या घरात मागचा. मागच्याच्या घरात त्याच्या मागचा.
पापणी लवते न लवते तोवर सगळे उघडे, सगळे झाकलेले.
शेवटी वाळूवर उरलं
लिंबू सोड्याच्या बाटलीचं एक झाकण.
इतके दिवस कुणीतरी त्यात राहत होतं.

विशेष शक्ती: रांग.
रांग लागली असताना त्यांच्यावर कुणी वार करायचा नाही.
फासा टाकायचा नाही.
थांबायचं.
मुअज्जमनं वाचलं, म्हणाला, ही कसली रे शक्ती?

नोव्हेंबरात रेडकर गेले, कायमचे, कट्ट्याला.
अडतीस किलो: मिक्सर, टँगचे डबे, दोन ब्लँकेटं.
खिडकीखालची खाट, एसीच्या थेट वाऱ्यातली, मोकळी झाली.
कुणी काही बोललं नाही.
दहाच्या सुमारास मुअज्जमनं आपली गादी गुंडाळली
आणि तिथे नेऊन पसरली.
मुअज्जमच्या जागी जोबी. जोबीच्या जागी रोडेल.
रोडेलची खाट मी घेतली.
उरली ती संडासाच्या दारालगतची,
जिच्यावर मी चार वर्षं पाय मुडपून झोपलो.

शनिवारी सावर्ड्याचा एक पोरगा आला, निहार घाग.
सुतळीनं बांधलेला खोका, त्यावर आईच्या अक्षरात पत्ता.
खाटेवर बसला तो पाठ भिंतीला टेकवून,
आणि जेवायला हाक मारली तरी तसाच बसून राहिला.
गुरुवारी त्याला कागद दिला. कुठली जमात घेतोस?
त्यानं विचारलं, यातली कमीत कमी जागा कुणाला लागते?

फासा मुअज्जमला गादीखाली मिळाला, सतरा वर आलेले.
विसरलात की ठेवून गेलात, रेडकरांना फोनवर विचारलं.
ते म्हणाले, इकडे कुर्ल्या स्वस्त झाल्यात.