मधलं गाव

पोर्तो ते रिगा किती वेळ लागतो
हे विचारायला धैर्यवान दर गुरुवारी येतात
ऑपेरा हाऊसच्या आमच्या ऑफिसात,
जिना चढून, दम खात,
पंखा जरा कमी करा म्हणत.

मी सांगते तेच :
थेट विमान नाही. फ्रँकफर्टला थांबा.
धरून चाला आठ तास, नशीब असेल तर सात.
रस्त्याने साडेतीन हजार किलोमीटरच्या वर,
न झोपता छत्तीस तास.
ते मान हलवतात,
जणू मागच्या गुरुवारपासून
थोडं कमी झालं असेल असं वाटलं होतं.

किलोमीटर त्यांना पटत नाहीत.
मुंबईत कोण मोजतं किलोमीटर?
सात रस्ता वीस मिनिटं,
नाना चौकात अडकलात तर पन्नास.
तसं सांगा, म्हणतात.

पोर्तोला हेमांगी. रिगाला मंदार.
आपल्याकडे बारा, तेव्हा तिच्याकडे साडेसहा,
त्याच्याकडे साडेआठ.
मधल्या दोन तासांत
कुणी कुणाला फोन करत नाही.

हे मला हप्त्याहप्त्याने कळलं.
आईच्या वेळी मंदारचं विमान
इस्तंबूलला एकोणीस तास अडकलं.
हेमांगीने वाट पाहिली नाही.
बर्फाच्या लाद्या वितळत होत्या, धैर्यवान म्हणाले,
आणि भटजींना दुसरीकडे जायचं होतं.
तो थेट चंदनवाडीत आला, बॅगेसकट.
तिथून दोघं निघाले ते निघालेच.

पाणी खात्यात ड्राफ्ट्समन होते.
गेल्या गुरुवारी कंपास घेऊन आले,
पितळी, टोकाला बुचाचा तुकडा खोचलेला.
शाळेच्या नकाशासंग्रहात दोन भोकं पाडली
आणि म्हणाले, बरोब्बर मधे काय येतं?
मी म्हटलं, काका, पृथ्वी गोल आहे,
कागदावरचं सरळ खरं सरळ नसतं.
मला सांगतेस?
जन्मभर पाणी चढावर नेलंय मी.

लक्झेंबर्गच्या अलीकडे एक गाव निघालं.
नाव आम्हा दोघांनाही वाचता येईना.
एक चर्च, एक पूल, सात खोल्यांचं लॉज.
दोन खोल्या घे, म्हणाले,
वेगवेगळ्या मजल्यांवर. न्याहारी मात्र एकत्र असते ना?
मार्चच्या पहिल्या आठवड्यातले तीन दिवस.
पैसे रोख, रबर लावलेले.

आणि तुमचं तिकीट?
मी नको.
मी गेलो की दोघं माझ्याशीच बोलत बसतील.

आमच्या फॉर्मवर प्रवासाचं कारण लिहायला
अर्धी ओळ असते.
मी 'पर्यटन' लिहिलं.
त्यांनी चष्मा लावून वाचलं, हसले नाहीत,
खोडायलाही सांगितलं नाही.
कंपास टेबलावर विसरून गेले.

आज मार्चचा पहिला गुरुवार.
जिन्यावर अजून कुणाची धाप ऐकू आलेली नाही.
कंपास मी मिटून खणात ठेवलाय,
बूच टोकाला लावून.
साडेबारा झाले.
त्यांच्याकडे सात आणि नऊ.
नाही,
आज दोघांकडेही आठच.