गेलो

वेंगुर्ल्यात बंदररोडला
झेरॉक्सच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात
मेतर सरांच्या बावीस फायली उघडून बसलेय.
दर्याकोश, अ ते ज्ञ.
सर फिजिक्स शिकवायचे, कोश लाटेकमध्ये लिहिला.
म्हणायचे, नावातच लाट आहे,
आपण नाही वापरायचं तर कोणी?

आता तो फोनवर उघडायला हवा,
शब्दाला बोट लावलं की अर्थ यायला हवा,
म्हणून ही काळी खिडकी, तिच्यात एक ओळ:
कमांड, फायलीचं नाव, एंटर.

पहिल्याच फटक्यात चारशे बारा तक्रारी.
यंत्र भांडत नाही, विचारतं फक्त:
ओळ ५८, हे तिरपं आहे. म्हणजे काय आहे?

कागदाला हा प्रश्न कधी पडला नव्हता.
कागदावर पेडवा तिरपा, मतलई तिरपी,
केळूसच्या खाडीचं नाव तिरपं,
आणि ट्रॉलरवाल्यांवर सरांचा आवाज चढला
तिथला 'कदापि नाही' तोही तिरपा.
सगळे एकाच पाटीत निजलेले.
आता एकेकाला उठवून सांगायचं,
तू मासा, तू वारा, तू गाव,
तू नुसता राग.

कोनी कंस उघडला की मिटायचा, हा एकच नियम.
बांगड्याचा मिटायला विसरले एकदा,
तर पुढची चौदा अक्षरं, ऋणनिर्देश,
मुद्रकाचा पत्ता फोन नंबरासकट
बांगड्याच्या पोटात.

मंगळवारी तक्रारी उरल्या एकवीस.
सगळ्या एकाच आज्ञेच्या:
उलटी तिरपी रेघ, आणि पुढे 'गेलो'.
ओळखीचं नाही, सोडून देऊ?

सरांनी स्वतः केलेल्या आज्ञांची फाईल धुंडाळली.
पार तळाला, टिपणाशिवाय, व्याख्या सापडली.
गेलो म्हणजे: कंसातलं घे, काही छापू नको.

छापील प्रत काढून भिंगातून पाहिलं.
दोन शब्दांत केसाएवढी जागाही जास्त नाही.
आणि फायलीत, करवत्याच्या पुढे, महिरपीत:
निवती, फेब्रुवारी ८१, रापणीत एक.
एका गाठीच्या नावापुढे:
भागो केळुसकर बांधायचा. बोटं कापतात आता.
एका वाऱ्यापुढे:
आईच्या तोंडून. नंतर कोणाच्याच नाही.

येसू गिरपला फोन लावला, नवाबागेत लिलाव चालू होता.
विचारलं, करवत्या हल्ली बघितलास?
गोंगाटातून ओरडली,
"तो आता खंयचो गो! तुका कोणी सांगल्यान?"

तेच तर. सांगितलं कोणीच नाही.
तेवीस वर्षं पुस्तक कपाटाकपाटांतून उभं,
आणि सांगितलं कोणीच नाही.

यंत्राला हो म्हटलं तर काम आत्ता संपेल.
छापलं होतं तसंच दिसेल, एक अक्षर कमी नाही.
पण छापायचंच नव्हतं तर टाइप कशाला केलं,
आणि तेही इतक्या काळजीनं, महिना-सालासकट?

खुणेला नाव शोधत बसले.
'मृत्यू' लिहिलं, खोडलं; गाठीला मृत्यू म्हणवेना.
'नोंद' लिहिलं. ग्रामपंचायतीसारखं वाटलं.
शेवटी सरांचाच शब्द ठेवला.
मालवणीत तो गेलो, पुस्तकी मराठीत मी गेलो,
सरांना यातलं कोणतं म्हणायचं होतं
ते यंत्रानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

एंटर.
शून्य तक्रारी.

एकवीस जागा आता उघडतात आणि मिटतात.
पडद्यावर मात्र अजून काहीच दिसत नाही.
काय दिसायचं, कुठल्या रंगात, की नाहीच दिसायचं,
ते वेगळ्या फायलीत ठरतं.
ती मी अजून लिहिलेली नाही.